लोकप्रियतेचा अर्धायुष्यकाल



बर्फावरची हॉकी तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिली असेल. आपल्या देशात ती मुख्यतः लडाखमध्ये, थंडीत गोठलेल्या तळ्यांवर खेळली जाते. चेंडूऐवजी कडक रबराची एक चकती असते. तिला पक म्हणतात. तिचा व्यास सुमारे साडेसात सेंटिमीटर, जाडी अडीच सेंटिमीटर आणि वजन १६० ग्रॅमच्या आसपास असते. सामन्यापूर्वी ही चकती थंड करून ठेवतात, कारण गार रबर कमी उसळते. खेळाची एवढी ओळख आजच्या विषयाला पुरेशी आहे. आज आपल्याला बर्फाकडे नव्हे, तर एका खेळाडूकडे पाहायचे आहे, आणि त्याच्यावरून लोकप्रियता नावाच्या चमत्कारिक राशीकडे.

टेमू सेलॅन्ने हा फिनलंडचा खेळाडू. त्याचा जन्म १९७० साली हेलसिंकी येथे झाला. फिनलंडची लोकसंख्या सुमारे ५६ लाख, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढी. तरुणपणी त्याने तिथे बालवाडीत शिक्षकाचे कामही केले होते. १९९२ साली तो कॅनडातील विनिपेग जेट्स या संघात दाखल झाला आणि पहिल्याच हंगामात त्याने ७६ गोल केले. नवख्या खेळाडूचा त्याआधीचा विक्रम ५३ गोलांचा होता. तो माइक बॉसी याने १९७७-७८ च्या हंगामात केला होता. विक्रम मोडायचा तर एका-दोन गोलांनी मोडावा, अशी रीत असते. या गड्याने तो २३ गोलांनी मोडला! त्यानंतर अनेक नामवंत खेळाडू आले. रशियाच्या अलेक्झांडर ओव्हेच्किनने २००५-०६ मध्ये आपल्या पहिल्या हंगामात ५२ गोल केले. म्हणजे तोही बॉसीच्या जुन्या आकड्याला एका गोलाने मुकला. सेलॅन्नेचा आकडा दूरच राहिला.

२ मार्च १९९३ रोजी सेलॅन्नेने ५४ वा गोल केला आणि बॉसीचा विक्रम मोडला. त्या क्षणी त्याने हातमोजा काढून हवेत उंच फेकला आणि हातातली काठी बंदुकीसारखी धरून त्यावर नेम धरला. त्या प्रसंगाची चित्रफीत आजही इंटरनेटवर पाहिली जाते. आता तारखा पाहा. जागतिक महाजाल, म्हणजे वर्ल्ड वाइड वेब, सर्वांना विनामूल्य खुले केल्याची घोषणा सर्न या संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी केली. यूट्यूब निघाले ते २००५ साली. म्हणजे हा हातमोजा उडाला तेव्हा तो ज्या जाळ्यातून आज घरोघर पोहोचतो, ते जाळे लोकांच्या हातीही आले नव्हते. सेलॅन्ने २०१४ साली निवृत्त झाला. तरी त्याचे नाव पुसले गेलेले नाही. असे का व्हावे?

‘तो चांगला खेळाडू होता म्हणून,’ असे उत्तर तुम्ही द्याल. ते चुकीचे नाही. १४५१ सामन्यांत ६८४ गोल करणाऱ्याच्या गुणांविषयी कोण शंका घेणार? पण भौतिकीच्या विद्यार्थ्याने तेवढ्यावर थांबू नये. दगड खाली का पडतो, तर तो जड आहे म्हणून, हे उत्तरही चुकीचे वाटत नाही. पण ते गॅलिलिओला पुरले नाही.

लोकप्रियतेबाबत दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. ती वाढते कशी? आणि ती ओसरते कशी? पहिल्या प्रश्नासाठी आपण एक प्रयोग करू.

एक कापडी पिशवी घ्या. तीत एक लाल आणि एक काळा मणी टाका. मणी एकाच मापाचे हवेत. मी एकदा वर्गात मण्यांऐवजी हरभरे आणि वाटाणे वापरले. बोटांना फरक कळतो आणि मुले हवा तो दाणा काढतात, हे ध्यानात येईपर्यंत तास संपला होता! तर, न पाहता एक मणी काढा. तो लाल निघाला तर तो परत टाका आणि त्याच्याबरोबर आणखी एक लाल मणी टाका. काळा निघाला तर तो परत टाकून आणखी एक काळा टाका. पुन्हा काढा, पुन्हा तसेच करा. पिशवीत १०० मणी होईपर्यंत हे करायचे. मणी कमी असतील तर वहीच्या कागदाच्या सारख्या चिठ्ठ्याही चालतील.

हा नियम म्हणजे लोकप्रियतेचेच चित्र आहे. प्रत्येक नवा माणूस एक मणी काढतो, म्हणजे अगोदरच्या एखाद्या माणसाची आवड त्याच्या कानावर पडते, आणि तो त्याच रंगात सामील होतो. ज्या रंगाचे मणी जास्त, तो रंग हाती येण्याचा संभव जास्त. पैशाकडे पैसा जातो असे आपण म्हणतो, तसे येथे नावाकडे नाव जाते. एगेनबर्गर आणि पोल्या या दोन गणितज्ञांनी १९२३ साली या पिशवीचा अभ्यास केला. त्यांच्या मनात लोकप्रियता नव्हती, साथीचे रोग होते. एका रुग्णामुळे पुढचा रुग्ण होण्याचा संभव वाढतो, हे त्यांना गणितात मांडायचे होते.

शेवटी पिशवीत लाल मणी किती असतील? पुष्कळांना वाटते, साधारण निम्मे. आपण मोजून पाहू. पहिल्या खेपेस लाल निघण्याचा संभव १/२. तो निघाला तर पिशवीत दोन लाल, एक काळा. आता पुन्हा लाल निघण्याचा संभव २/३. म्हणून दोन खेपांनंतर तीन लाल आणि एक काळा असण्याचा संभव १/२ × २/३ = १/३. तसाच तीन काळे आणि एक लाल असण्याचा संभव १/३. मग उरलेला १/३ हा दोन-दोनच्या बरोबरीचा. म्हणजे तिन्ही निकाल समसंभाव्य! तिसऱ्या खेपेचा हिशेब तुम्ही करा. चार निकाल येतील आणि प्रत्येकाचा संभव १/४ निघेल. हे असेच पुढे चालते. १०० मणी झाले की लाल मणी १ ते ९९ यांपैकी कितीही असू शकतात आणि प्रत्येक संख्येचा संभव अगदी सारखा, १/९९.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. नाणे ९८ वेळा उडवले तर छापांची संख्या जवळजवळ नेहमीच ३५ ते ६३ यांच्या दरम्यान राहते. आपल्या पिशवीत मात्र एक रंग ९० किंवा त्याहून अधिक मणी पटकावून बसेल असा संभव २०/९९ आहे. म्हणजे पाच पिशव्यांपैकी सुमारे एकीत असे घडेल. आणि दोन्ही रंगांत गुणांचा फरक काडीचाही नाही! वर्गातील पाच गटांनी पाच पिशव्या चालवल्या तर पाच निराळे निकाल येतात. प्रत्येक गटाला आपल्या पिशवीतला रंग ‘मुळातच चांगला’ वाटू लागतो. हे मी पाहिले आहे. कुठल्यातरी गटातला एखादा मुलगा लाल मण्यांच्या विजयाचे कारणही सांगतो.

आता लाल रंग थोडा सरस आहे असे समजू. ते दाखवण्यासाठी आरंभीच दोन लाल आणि एक काळा मणी टाकू. प्रयोग दीर्घकाळ चालवला तर सरासरीने लाल दोन तृतीयांश असतो, हे अपेक्षितच. पण चारांतून एकदा काळाच बहुमतात येतो. दुप्पट पुढावा घेऊन निघालेला गडी चारांत एकदा हरतो, आणि हरतो तो मागून आलेल्या दैवी संकटामुळे नव्हे, पहिल्या पाच-सहा मण्यांच्या योगायोगामुळे. पुढे पिशवी भरत गेली की एकेका मण्याने प्रमाण फारसे हलत नाही. आरंभीचा योगायोग जणू गोठून जातो.

माणसांवरही असा प्रयोग झाला आहे. मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या अमेरिकेतील संशोधकांनी तो २००६ साली सायन्स या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांनी अपरिचित गायकवृंदांची ४८ गाणी एका संकेतस्थळावर ठेवली. एकंदर १४,३४१ जणांनी भाग घेतला. काहींना केवळ गाण्यांची नावे दिसत. ते ऐकत आणि आवडले तर उतरवून घेत. बाकीच्यांना आठ वेगळ्या ‘जगां’त वाटले होते. तेथे प्रत्येक गाणे आपल्या जगात आधी किती जणांनी उतरवले, तो आकडा दिसे. आपल्या पिशव्यांसारखीच ही आठ जगे. गाणी तीच, माणसे त्याच प्रकारची, पण आठही ठिकाणी यशस्वी गाणी निरनिराळी निघाली. आकडा दिसू लागल्यावर मोठी गाणी आणखी मोठी झाली आणि छोटी आणखी छोटी. गाणी आकड्यांच्या क्रमाने लावून दाखवल्यावर तर हे अधिकच तीव्र झाले. तरीही गुण अगदीच निरुपयोगी ठरला नाही. आकडे न पाहता ज्यांना उत्तम ठरवले गेले होते ती गाणी क्वचितच तळाला गेली आणि जी निकृष्ट ठरली होती ती क्वचितच वर आली. मधल्यांचे मात्र काहीही होऊ शके.

ध्वनिक्षेपक आपल्याच कर्ण्यासमोर धरला की शीळ घुमते, हे शाळेच्या स्नेहसंमेलनात तुम्ही ऐकले असेल. कर्ण्यातला आवाज ध्वनिक्षेपकात जातो, वाढून बाहेर येतो, पुन्हा आत जातो. याला धन पुनर्भरण म्हणतात. कोणता सूर घुमेल हे गायकावर कमी आणि सभागृहाच्या भिंतींवर, कर्ण्याच्या जागेवर अधिक अवलंबून असते. चित्रफितीखाली छापलेला ‘इतक्यांनी पाहिली’ हा आकडा म्हणजे असाच कर्ण्याकडे तोंड केलेला ध्वनिक्षेपक आहे. बाराबाशी आणि अल्बर्ट यांनी १९९९ साली दाखवले की, नवी पाने जुन्या, आधीच पुष्कळ दुवे मिळालेल्या पानांना जोडली जातात असे मानले की महाजालाची एकंदर विषम रचना समजू लागते. वर्गातील सर्वांत उंच मुलगा सर्वांत बुटक्याच्या दहापट उंच कधीच नसतो. पण एका पानाला दुसऱ्याच्या लाखपट वाचक असणे ही तेथे रोजची गोष्ट आहे.

येथे थोडे विषयांतर करतो. काही वर्षांपूर्वी मी वर्गात विचारले : काठोकाठ पाण्याने भरलेल्या पेल्यात बर्फाचा खडा तरंगतो आहे. तो वितळला की पाणी सांडेल, पातळी उतरेल, की आहे तेवढीच राहील? हात वर करायला सांगितले. पहिल्या बाकावरच्या, सर्वांनी हुशार मानलेल्या मुलाने ‘सांडेल’ला हात वर केला. मागोमाग निम्म्याहून अधिक वर्गाचे हात वर झाले. दुसऱ्या तुकडीत तोच प्रश्न मी चिठ्ठ्यांवर विचारला. उत्तरे तिन्हींत विखुरली आणि बरोबर उत्तर देणारेही बरेच निघाले. पातळी तेवढीच राहते. खडा आपल्या वजनाएवढे पाणी बाजूला सारतो, आणि वितळल्यावर त्याचे नेमके तेवढेच पाणी होते. त्या पहिल्या तुकडीत कित्येक वर्षे मी हात मोजून ‘वर्गाला समजले’ असे धरून पुढे गेलो होतो, हे मला त्या दिवशी कळले. मी मोजत होतो ते एका मुलाचे मत, पन्नास वेळा. शिक्षक वाचकांनी चिठ्ठ्यांचा हा प्रयोग अवश्य करून पाहावा. चिठ्ठ्या गोळा करायला पाचच मिनिटे लागतात.

आता दुसरा प्रश्न. लोकप्रियता ओसरते कशी?

किरणोत्सारी पदार्थाचा क्षय तुम्हाला पाठ्यपुस्तकातून ठाऊक आहे. ठराविक काळात उरलेल्यापैकी निम्मा भाग नाहीसा होतो. या काळाला अर्धायुष्यकाल म्हणतात. विस्मरणही असेच चालत असावे असे प्रथमदर्शनी वाटते. पण २०१९ साली क्रिस्टियन कांदिया, सेझार हिदाल्गो, बाराबाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधनिबंध, पेटंटे, गाणी, चित्रपट आणि खेळाडूंची चरित्रे यांकडे लोकांचे लक्ष काळानुसार कसे घटते हे तपासले. एका अर्धायुष्यकालाने काम भागेना. दोन लागले. पहिला टप्पा वेगाने उतरणारा. त्यात स्मृती बोलण्यातून, गप्पांतून जिवंत असते. दुसरा संथ. त्यात ती नोंदींतून, पुस्तकांतून, संग्रहांतून टिकते. गाण्यांच्या बाबतीत पहिला टप्पा पाच-सहा वर्षांत आटोपतो. खेळाडूंच्या चरित्रांच्या बाबतीत तो वीस ते तीस वर्षे पुरतो.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत याचे सुंदर प्रतिरूप आहे. चांदीच्या पत्र्यावर न्यूट्रॉनांचा मारा केला की तीत दोन किरणोत्सारी समस्थानिके तयार होतात. चांदी-११० चा अर्धायुष्यकाल सुमारे २५ सेकंद, तर चांदी-१०८ चा सुमारे २.४ मिनिटे. गणकयंत्रावरील टिकटिक आधी भराभर मंदावते आणि मग रेंगाळते. अर्ध-लघुगणकीय कागदावर आलेख काढला तर एक सरळ रेषा न येता, उभा उतार आणि पुढे निवांत उतार अशी मोडलेली रेषा येते. (२००६ सालच्या ऑलिंपिकमध्ये सेलॅन्नेच्या संघाला रौप्यपदक मिळाले होते, पण त्याचा या चांदीशी संबंध नाही!)

कल्पित आकडे घेऊन पाहू. एखाद्या खेळाडूला आरंभी १००० वाचक आहेत. त्यांपैकी ९०० गप्पांमुळे आलेले, अर्धायुष्यकाल ५ वर्षे. १०० नोंदींमुळे आलेले, अर्धायुष्यकाल ५० वर्षे. पाच वर्षांनी ४५० अधिक ९३, म्हणजे ५४३ उरतात. दहा वर्षांनी ३१२, वीस वर्षांनी १३२, तीस वर्षांनी ८०, चाळीस वर्षांनी ६१. निवृत्तीनंतर पाच वर्षांत निम्मे वाचक गेलेले पाहून कोणी म्हणेल, तीस वर्षांत याचे नाव संपले. एकच अर्धायुष्यकाल धरला तर तीस वर्षांनी जेमतेम १६ वाचक उरायला हवेत. प्रत्यक्षात ८० आहेत. सुरुवातीच्या उतारावरून शेवटचा अंदाज बांधला की असे फसायला होते.

सेलॅन्नेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. ती चांदीच्या पत्र्यात घडत नाही. त्याचा साठा अधूनमधून भरला जातो. एखादा नवखा खेळाडू पहिल्या हंगामात भराभर गोल करू लागला की वर्तमानपत्रे ७६ हा आकडा काढतात आणि त्याबरोबर सेलॅन्नेचे नाव येते, हातमोजाही येतो. न मोडलेला विक्रम हा स्मृतीचा स्रोत आहे. टाकीला गळती असली तरी वरून नळ ठिबकत असेल तर ती कोरडी पडत नाही. जेवढे ठिबकते तेवढेच गळेल अशा पातळीला ती स्थिरावते. उद्या कोणी पहिल्या हंगामात ७७ गोल केले तर काय होईल? त्या वर्षी सेलॅन्नेचे नाव पूर्वी कधी नव्हे एवढे घेतले जाईल आणि मग हा नळ बहुतेक बंद होईल. माइक बॉसीचा ५३ हा आकडा १९९३ नंतर किती जण सांगू शकतील, याचा विचार करा. तोही काही सामान्य खेळाडू नव्हता.

सेलॅन्नेची कारकीर्दही या नळाला सोयीची होती, असे मला वाटते. तो एकदाच चमकून विझला नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर परतून त्याने २००६-०७ मध्ये ४८ गोल केले आणि त्याच वर्षी अ‍ॅनाहाइमच्या संघाबरोबर स्टॅन्ली करंडक जिंकला. २०१४ साली सोची येथील ऑलिंपिकमध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, हॉकी स्पर्धेतील सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. पिशवीत पहिले मणी योगायोगाने पडले असतीलही. पण बावीस वर्षे दर हंगामाला मूठभर मणी स्वतः टाकणाऱ्याला योगायोगाचे भय कमी असते.

आता तुमचे काम. विकिपीडियावरील कोणतेही पान रोज किती वेळा उघडले गेले, याचे आकडे जुलै २०१५ पासून सर्वांसाठी खुले आहेत. शाळेच्या संगणकावर ते सहज पाहता येतात. सेलॅन्ने २०१४ मध्येच निवृत्त झाल्यामुळे त्याचा पहिला, तीव्र उतार या आकड्यांत सापडणार नाही. म्हणून त्यानंतर निवृत्त झालेला खेळाडू निवडा. श्रीरामपूरचा झहीर खान ऑक्टोबर २०१५ मध्ये निवृत्त झाला, तो सोयीचा आहे. दर महिन्याची बेरीज करा आणि अर्ध-लघुगणकीय कागदावर बिंदू मांडा. तसा कागद न मिळाल्यास आकड्यांचे लघुगणक काढून साध्या आलेखकागदावर मांडा. मध्येच उंचवटे येतील. त्या महिन्यात काय घडले ते जुन्या वर्तमानपत्रांतून शोधा, ते बिंदू वेगळ्या रंगाने दाखवा आणि उरलेल्यांतून रेषा काढा. ती एकच येते, की मोडते, ते पाहा. सेलॅन्नेचाही आलेख काढणार असाल तर नोव्हेंबर २०१७ कडे लक्ष ठेवा. त्या महिन्यात त्याला हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. तेथे उंचवटा दिसला तर तो नळाचा समजा. रेषा काढताना तो बिंदू धरू नका.